हिल व्ह्यू

पत्रे लागले त्या दिवशी मी वहीत लिहिलं:
निळे, एकशे बारा, मधला एक उलटा.
पुढं रोज सकाळी सात ते साडेआठ,
सातव्या मजल्यावरून, कठड्याला पोट टेकवून
उलव्यातल्या या मोकळ्या प्लॉटवर
थीम पार्कचा नवा भाग उभा राहताना पाहत आलो.

निवृत्त माणसाला लागतं काहीतरी.
शेजारच्या चौबळांनी शेअर घेतले,
मी क्रेन घेतली. पिवळी.
ती वळायची तेव्हा आधी भोंगा
आणि मग तिची सावली
सोसायटीच्या वाळवणांवरून
कुणाला न विचारता जायची.

पायलिंग, चाळीस दिवस.
मांडणीतले पेले एकमेकांना खेटत कडेला आले.
मग सळया, आडव्या, उभ्या, मग वाकवलेल्या,
आणि एका मंगळवारी त्या वाकण्याला आकार आला.
मी आत ओरडलो, अगं, डोंगर करतायत!

ही बाहेर आली, हात पिठाचे.
“होता की इथं एक,”
एवढंच म्हणाली, आत गेली.

होता.
ब्रोकरनं बोट दाखवून विकला होता,
चौरस फुटामागं दीडशे जास्त, हिल व्ह्यू म्हणून.
मग विमानतळाचं काम निघालं.
दुपारी भोंगा, मग धप्प,
मग काचा, मग धूळ.
तेव्हा मी नोकरीत होतो, वही नव्हती.
संध्याकाळी घरी यावं तर तो थोडा कमी असायचा,
महिनाअखेरच्या पगारासारखा.

नवा डोंगर बावीस मीटर.
जाळी, जाळीवर सिमेंटचा फवारा,
पोटात पंप,
मागच्या अंगाला एक दार,
दाराशी लाल प्लास्टिकची खुर्ची.

गणपती उठल्यावर पेणची माणसं आली रंगवायला.
त्यांतली हेमलता,
बारा वर्षं बापाच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखलेली,
पत्र्याच्या फटीतून मला म्हणाली,
“काका, तुम्ही इथलेच ना?
कागदावर नुसतं ‘नैसर्गिक’ लिहिलंय.
तो खरा डोंगर कसला होता हो, रंगाला?”

वही हातात होती. दोनशे चौदा पानं,
उलट्या पत्र्यापासून सगळं.
“बघून सांगतो,” म्हणालो.

वास्तुशांतीचा फोटो काढला:
मी, ही, मेहुणा संजीवन, संजीवनची टोपी,
टोपीमागं डोंगर,
बहुतेक सगळा टोपीत गेलेला.
हिला विचारलं. “हिरवा. पावसात.”
आणि एरवी?
“एरवी मी कपडे वाळत घालत होते.”

गुणाबाई घरत त्याच्या पायथ्याशी जन्मलेल्या.
बोंबील साफ करत म्हणाल्या,
“कनचा रंग? डोंगर व्हता तो.”
मग विळी थांबली.
“आमची म्हस जायची वर. म्हशीला ठाव.”

तिसऱ्या दिवशी फटीशी जाऊन ठणकावून सांगितलं:
खाली करडा, वर तांबूस,
आणि डावीकडं एक जांभळट पट्टा.
पट्टा कुठून आला मला माहीत नाही.
“केवढा?” तिनं विचारलं.
मी हात पसरले, जेवढे पसरतात तेवढे.

उघडल्यावर पहिल्याच रविवारी गेलो,
दोघं, ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत.
डोंगराच्या पोटातून छोटी गाडी किंचाळत बाहेर येते.
आम्ही बसलो नाही, हिला चक्कर येते.
पट्ट्याशी फोटोची रांग होती.
एका मुलीनं दगडावर टकटक केलं
आणि कान लावून उभी राहिली.

ही बराच वेळ वर बघत होती.
मग म्हणाली, “आठवलं. असाच होता.”

तिला बाकावर बसवून मी मागं गेलो.
दार होतं, तीच लाल खुर्ची होती,
खुर्चीत अस्वलाच्या पोशाखातला एक पोरगा,
अस्वलाचं डोकं शेजारी जमिनीवर,
डबा खात होता.
“इकडं काही नाहीये, काका,” तो म्हणाला,
आणि लोणच्याची फोड बाजूला काढून ठेवली.